गाडी ऑइल खाते, पण कॉम्प्रेशन चांगलं आहे: इंजिन खोलण्याआधी काय पाहायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. चौदा वर्षांची पेट्रोल गाडी, १.६ लिटरचं साधं, बिनटर्बोचं इंजिन, १,८०,००० किलोमीटर झालेले. हजार किलोमीटरला अंदाजे एक लिटर ऑइल घालावं लागतं. गाडीखाली थेंब दिसत नाही, सायलेन्सरमधून धूरही कधी जाणवला नाही. मेकॅनिकने कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते) मोजलं, ते चारही सिलिंडरचं चांगलं निघालं, तरी त्याचं म्हणणं, ‘रिंगा गेल्यात, इंजिन करावं लागेल.’ दुसऱ्याने जाड ऑइल टाकायला लावलं, त्याने काही फरक पडला नाही. आता इंजिन खोलायचं की थांबायचं, हा तुमचा प्रश्न.

तुमच्या वर्णनावरून माझाही पहिला संशय पिस्टनवरच्या रिंगांवरच जातो. मात्र झिजलेल्या रिंगा वेगळ्या आणि अडकलेल्या रिंगा वेगळ्या, आणि दोन्हींचे उपायही वेगळे. शिवाय रिंगांआधी बघाव्यात अशा दोन-तीन जागा तुमच्या लिहिण्यात कुठेच आलेल्या नाहीत. ऑइल कोणत्या वाटेने जातंय हे कळल्याशिवाय इंजिन खोललं तर काम पूर्ण होऊनही गाडी ऑइल खातच राहू शकते. नव्या रिंगा टाकून झालेल्या आणि तरीही ऑइल पिणाऱ्या गाड्या माझ्याकडे येत असतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर नेणाऱ्या नळीचा, व्हॉल्व्ह जुनाच बसवलेला असतो.

आधी आकडा पक्का करा. ‘अंदाजे एक लिटर’ यावर मी निदान करत नाही. डिपस्टिकवरच्या मिनिमम आणि मॅक्सिमम या खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास अंतर असतं, पण तुमच्या गाडीत नेमकं किती ते मॅन्युअलमध्ये बघा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन गरम झालं की बंद करा आणि दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरेल. डिपस्टिक पुसा, परत घाला, मग वाचा. मॅक्सिममपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने, मापाच्या भांड्याने परत तिथपर्यंत भरा. मध्ये घालावं लागलेलं धरून जेवढं लागलं तेवढा वापर. मॅक्सिममच्या वर मात्र भरू नका. ऑइल जास्त झालं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि तो ब्रीदरवाटे इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा आत घेण्याच्या वाटेत, ओढला जातो.

गाडी कशी चालते यावरही आकडा बदलतो. रोज दोन-चार किलोमीटर, इंजिन नीट गरम न होता, असं चालवणं असेल तर थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं आणि पातळी खोटीच टिकून दिसते. मग एखादा लांबचा प्रवास झाला की ते पेट्रोल उडून जातं आणि मालकाला वाटतं, गाडीने एका दिवसात ऑइल संपवलं. म्हणून हे हजार किलोमीटर तुमच्या नेहमीच्या वापराचे असू द्या, आणि त्यांत हायवे किती, गावातलं किती, हेही लिहून ठेवा.

आता हा वापर जास्त म्हणायचा का? कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत तर एक लिटरपर्यंतचा वापरही मर्यादेत धरलेला सापडतो. मला ही मर्यादा फार सैल वाटते. माझा हिशेब असा: जुन्या इंजिनाने पाच हजार किलोमीटरला एक लिटर घेतलं तर पातळी बघत राहा आणि गाडी चालवा. दोन-तीन हजारांवर आलं तर कारण शोधायला लागा. हजारला एक लिटर म्हणजे आता टाळाटाळ नको.

तुम्ही म्हणता थेंब नाही आणि धूर नाही, मग ऑइल जातं कुठे? याचं उत्तर साध्या गणितात आहे. हजार किलोमीटरला एक लिटर म्हणजे किलोमीटरला एक मिलिलिटर. ऑइलच्या एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब होतात. दर किलोमीटरला वीस थेंब बाहेर गळत असते तर इंजिनाचा खालचा भाग, गिअरबॉक्सचा जोड, पुढची क्रॉसमेंबर, सगळं ओलं आणि धुळीने माखलेलं दिसलं असतं. म्हणजे एवढ्या वापराचं मुख्य कारण बाहेरची गळती असेल तर ती लपून राहू शकत नाही. धुराचं मात्र उलट आहे. ६० च्या वेगाने तुमची गाडी मिनिटाला एक मिलिलिटर ऑइल जाळते. २,००० आरपीएमवर चार सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्या वेळात ४,००० वेळा स्फोट होतो. प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला ऑइलचा इतका बारीक अंश येतो, आणि पुढे गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातलं बरंच जाळून टाकतो, की मागे उभ्या माणसाला काहीच दिसत नाही. धूर नाही म्हणून ऑइल जळत नाही, असं कधीच धरू नका.

तरी गळतीसाठी एकदा गाडी रॅम्पवर घ्याच. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग पाझरत असेल तर ऑइल बऱ्याचदा सरळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतं आणि तिथेच जळतं. जमिनीवर थेंब येत नाही, पण गाडी थांबवल्यावर बॉनेटमधून जळका वास येतो. ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील, ही बाकीची नेहमीची ठिकाणं. इंजिन बाहेरून धुऊन, दोन-तीनशे किलोमीटर चालवून मग बघितलं तर जुना मळ आणि ताजी गळती वेगळी कळते.

गळती बाजूला पडली की मी सगळ्यात आधी ब्रीदरकडे जातो. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. तो परत इनटेकमध्ये नेऊन जाळण्यासाठी एक नळी आणि एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पीसीव्ही व्हॉल्व्ह. हा उघडा अडकला तर इनटेकची ओढ सरळ चेंबरला लागते आणि ऑइलचे बारीक कण सतत आत खेचले जातात. बंद अडकला तर आत दाब साठतो आणि ऑइल सीलांमधून, पॅकिंगांमधून, डिपस्टिकच्या नळीतून बाहेर ढकललं जातं. दोन्ही बाजूंनी नुकसानच. तपासणं सोपं आहे. इंजिन गरम, आयडलवर. ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर वहीचा एक कागद ठेवा. कागद हलकासा चिकटून राहिला तर ठीक. तो जोरात आत ओढला गेला, इंजिनाचा आवाज बदलला, शिट्टीसारखं ऐकू आलं, तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा त्याचा पडदा फाटलाय. कागद फडफडून उडाला, तोंडातून धापा टाकल्यासारखा गॅस आला, तर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगांवरून खूप गॅस खाली येतोय. काही इंजिनांत झाकण काढल्यावर आयडल आपोआप डगमगतं, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. थ्रॉटल बॉडीची नळी काढून आत बोट फिरवा. पातळ थर चालतो, पण ऑइलचं थारोळं दिसलं तर ब्रीदरचा व्हॉल्व्ह बदला, नळ्या स्वच्छ करा आणि परत हजार किलोमीटर मोजा. या कामाचा खर्च इंजिन करण्यापुढे काहीच नाही, आणि एवढ्यावर प्रश्न सुटलेल्या गाड्या मी नेहमी बघतो.

यानंतर व्हॉल्व्ह सील. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची छोटी टोपी असते. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होते आणि हेडमधलं (सिलिंडरच्या वरच्या भागातलं) ऑइल दांड्यावरून खाली उतरू लागतं. याची खूण ठरावीक असते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक लोट येतो आणि मिनिटभरात नाहीसा होतो. दुसरी खूण उतारावर. गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून लांब उतार उतरा आणि खाली आल्यावर पाय दाबा. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल बंद असतो, इनटेकमध्ये ओढ सगळ्यात जास्त असते, त्या ओढीने दांड्यावरचं ऑइल आत येतं आणि पाय दाबताच जळतं. हे बघायला मागच्या गाडीत कुणीतरी बसवा, आरशात नीट दिसत नाही. याउलट, चढावर किंवा भार असताना जोर लावल्यावर धूर येत राहिला तर संशय रिंगांवर जातो. तुमच्या गाडीला ठळक धूर नाही, म्हणून ही खूण मिळाली तर उपयोगाची, नाही मिळाली तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग प्लग काढा, आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा ते ओळीने मांडून ठेवा. माझ्या मते ही सगळ्यात जास्त सांगणारी आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी आहे. निरोगी प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असतं. कोरडी, मऊ, हाताला लागणारी काजळी असेल तर ती पेट्रोल जास्त होत असल्याची, ऑइलची नव्हे. ऑइल थोडं थोडं जळत असेल तर इलेक्ट्रोडवर पांढरट-पिवळट, खरबरीत राखेची पुटं चढतात. ती ऑइलमधल्या धातूंच्या घटकांची राख असते आणि नखाने खरवडली तर खड्यासारखी सुटते. फार ऑइल येत असेल तर प्लग काळा, चकचकीत आणि ओला दिसतो. चारही प्लग सारखेच राखेने भरलेले असतील तर कारण सगळ्यांना सामायिक, म्हणजे ब्रीदर किंवा एकंदर रिंगांची अवस्था. एकच प्लग वेगळा दिसला तर त्याच सिलिंडरचं सील, गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) किंवा रिंग. एक सावधगिरी: प्लगच्या विहिरीत वरून ऑइल साचलं असेल तर ते टॅपेट कव्हरच्या आतल्या सीलमधून आलेलं असतं. त्याने प्लगचा वरचा भाग आणि कॉइलचं रबर भिजतं, पण त्याचा सिलिंडरच्या आत जळणाऱ्या ऑइलशी संबंध नाही.

आता तुमच्या कॉम्प्रेशनकडे येतो, कारण गोंधळ इथेच आहे. ‘कॉम्प्रेशन चांगलं, म्हणून रिंगा चांगल्या’ हे बरोबर नाही, आणि ‘ऑइल खाते, म्हणून रिंगा झिजल्या’ हेही बरोबर नाही. पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः गॅस धरतात, आणि कॉम्प्रेशनचा मीटर त्यांचंच काम मोजतो. तिसरी, सगळ्यात खालची, ऑइलची रिंग. दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये स्प्रिंगसारखी जाळी अशी तिची रचना असते. सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून काढायचं आणि खोबणीतल्या बारीक भोकांमधून पिस्टनच्या आत, तिथून परत चेंबरमध्ये सोडायचं, एवढंच तिचं काम. ऑइल वेळेवर बदललं गेलं नाही, इंजिन वारंवार तापलं किंवा गाडी कायम छोट्या फेऱ्यांवर चालली, की त्या भोकांमध्ये ऑइल शिजून कडक कार्बन होतो. असा पिस्टन बाहेर काढला की वरच्या दोन रिंगा बोटाने सहज फिरतात, आणि तिसरी खोबणीत खोल बसलेली, पिस्टनच्या कडेशी सपाट झालेली असते. बोटाने दाबली तरी हलत नाही. मागची भोकं शोधायला टोकदार सुई घ्यावी लागते, इतकी ती भरलेली असतात. सिलिंडरच्या भिंतीवर मात्र कारखान्यातल्या होनिंगच्या तिरप्या रेषा अजून शाबूत असतात. बोअर करण्यासारखं, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करण्यासारखं, तिथे काहीच नसतं.

ही दंतकथा नाही. टोयोटाच्या २.४ लिटरच्या टूएझेड-एफई इंजिनाचं उदाहरण जगजाहीर आहे. २००७ ते २००९ च्या कॅम्रीसह काही मॉडेलांत ऑइलचा वापर वाढल्याच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेत कंपनीने अशा गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा बदलून देण्याची मोहीम काढली. चालू गाड्या, चांगली ताकद, आणि तरी ऑइल गायब, असंच ते चित्र होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सिलिंडरमध्ये ऑइल येत असेल तर ते वरच्या रिंगांची फट भरून काढतं आणि कॉम्प्रेशनचा आकडा उलट बरा दाखवतं. म्हणून नुसता आकडा विचारू नका, मोजलं कसं ते विचारा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. आकडा किती यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा भिंत, नाही चढला तर व्हॉल्व्ह. तुमचे चारही आकडे जवळजवळ असतील तर वरच्या रिंगा आणि बोअर बहुधा ठीक आहेत, आणि ‘रिंगा गेल्या’ याचा अर्थ तिसरी अडकली असा घ्यावा लागेल.

प्लग काढलेलेच असतात, तेव्हा त्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडायला सांगा. पिस्टनचा माथा बघायचा. सगळीकडे कोरडा काळा थर असेल तर चांगलं. कडेला गोल पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ आणि ओला, मध्ये काळं, असं दिसलं तर ऑइल कडेने, म्हणजे रिंगांवरून वर येतंय. भिंतीवर उभे ओरखडे दिसले तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं आणि पुढचे घरगुती उपाय करण्यात अर्थ नाही.

म्हणजे क्रम असा: मोजमाप, रॅम्पवर गळती, ब्रीदर, प्लग, मग कॉम्प्रेशन आणि कॅमेरा. हजार किलोमीटरचं मोजमाप सोडलं तर बाकीचं चांगल्या गॅरेजमध्ये एका दिवसात होतं.

तिसरी रिंग अडकल्याचं चित्र पक्कं झालं तर इंजिन खोलण्याआधी ती सोडवून बघणं योग्य आहे. प्लगच्या भोकातून चारही सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारं द्रव सोडतात. त्याआधी क्रँक हाताने फिरवून सगळे पिस्टन साधारण मध्यावर आणायचे. रात्रभर मुरू द्यायचं, मध्येमध्ये क्रँक थोडा हलवायचा. दुसऱ्या दिवशी उरलेलं द्रव बाहेर काढून, इंधन आणि इग्निशन तोडून, प्लग न लावता, भोकांवर फडकं धरून स्टार्टर फिरवायचा. ही पायरी गाळू नका. द्रव आत राहिलं आणि प्लग लावून स्टार्ट दिला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकू शकतो. नंतर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलायचं, कारण द्रव खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलेलं असतं. पुढचे दोन-तीन ऑइल बदल निम्म्या अंतरावर करायचे, चांगल्या डिटर्जंटचं ऑइल वापरायचं. गुण येतो का? भोकं किती भरली आहेत त्यावर आहे. काही गाड्यांचा वापर निम्म्यावर येतो, काहींना काहीच फरक पडत नाही. पण कमी खर्चात करून बघण्यासारखा हा एकच उपाय आहे, आणि तुमच्या गाडीला तो लागू पडण्याची शक्यता मला चांगली वाटते.

व्हॉल्व्ह सील निघाली तर हेड न उतरवताही बदलता येतात. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. हे जमणारा कारागीर शोधा. गाईडच झिजले असतील तर नवी सीलं फार टिकत नाहीत, मग हेड उतरवावंच लागतं.

जाड ऑइलबद्दल. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलवरून १०डब्ल्यू-४० या जाड ऑइलवर गेल्यावर झिजलेल्या जागांमधून ऑइल थोडं कमी जातं, आणि मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर जुन्या इंजिनाला ते चालतं. पण ज्या रिंगेची परतीची भोकंच बंद आहेत तिथे जाड ऑइल परत कसं जाणार? तुमच्याकडे फरक पडला नाही, हाही अडकलेल्या रिंगेकडेच बोट दाखवणारा पुरावा आहे. घट्टपणापेक्षा ऑइल वाफ होऊन किती उडतं ते बघा. नोआक चाचणीत ऑइल २५० अंशांवर एक तास ठेवून किती टक्के उडालं ते मोजतात. एपीआय एसएन या अमेरिकी दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, तर युरोपच्या ए३/बी४ दर्जाला १३ टक्के. डब्यामागे दर्जा लिहिलेला असतो, तो तुमच्या मॅन्युअलशी जुळवा. सील फुगवणारे अ‍ॅडिटिव्ह कडक झालेल्या रबराला थोडं मऊ करतात, रिंगांवर त्यांचा परिणाम होत नाही.

नुसतं ऑइल घालत राहिलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. काही काळ चालेल, पण ऑइलमधलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर धरतं आणि तो हळूहळू निकामी होतो, प्लग वरचेवर बदलावे लागतात. इंजिन खोलण्याची वेळ कधी आली म्हणायची, तर कॅमेऱ्यात ओरखडे दिसले, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन स्पष्ट खाली आलं, किंवा गरम आयडलवर ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकू लागला. यातलं तुमच्या लिहिण्यात अजून काहीच आलेलं नाही.

टर्बो किंवा डिझेल गाडीवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी क्रम थोडा बदलतो. टर्बोच्या पुढची इंटरकूलरची नळी आधी उघडून बघा, आणि टर्बोची ऑइल परतीची नळी तुंबली नाही ना ते पाहा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलमध्ये इंधन मिसळून ऑइलची पातळी वाढतेही, त्यामुळे डिपस्टिकवर ‘सगळं ठीक’ दिसलं तरी वास घेऊन बघा.

तुम्ही आता ब्रीदरचा कागद आणि प्लग या दोन गोष्टी याच आठवड्यात करा. चारही प्लगांचे टोकाकडून फोटो सिलिंडरच्या क्रमाने, कॉम्प्रेशनचे चार वेगवेगळे आकडे आणि शेवटचं ऑइल किती किलोमीटरवर बदललं होतं, एवढं कळवा. तोपर्यंत दर ३०० किलोमीटरला डिपस्टिक बघा आणि पातळी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. वळणावर किंवा ब्रेक लावल्यावर ऑइल पंपाच्या तोंडापासून बाजूला सरकलं की बेअरिंगं कोरडी पडतात, आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं.